अपडेट आलं, मेमरी संपली : जुन्या उर्दू-मराठी फायलींचं काय करायचं?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची मदत बंद केली. वैयक्तिक वापरासाठी नाव नोंदवणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळणार आहेत, पुढे तेही नाहीत. त्यामुळे घरातला, शाळेतला, दुकानातला संगणक विंडोज ११ वर न्यायचा की आहे तसाच ओढायचा, हा प्रश्न यंदा टाळता येणारा नाही. आपल्या समाजात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, आणि त्याची चर्चा कुठेच होत नाही. आपलं बरंच जुनं उर्दू आणि मराठी लिखाण अशा सॉफ्टवेअरमध्ये अडकलं आहे, जे नव्या विंडोजवर धड चालत नाही.

उर्दूचं उदाहरण घ्या. १९९४ च्या सुमाराला इनपेज आलं आणि नस्तालीक लिपीत टाइप करणं सामान्य माणसाच्या हातात आलं. त्याआधी कातिब हाताने लिहीत असत. मग शाळेच्या प्रश्नपत्रिका, निकाहच्या पत्रिका, मदरशाची पावतीपुस्तकं, मस्जिद ट्रस्टचे ठराव, सगळं इनपेजमध्ये होऊ लागलं. मराठीत तेच काम पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीने केलं. म्हसवडच्या यात्रेचा फलक असो की लग्नाची पत्रिका, डीटीपीच्या दुकानात श्रीलिपी ठरलेली. अडचण अशी की या जुन्या आवृत्त्यांतला मजकूर युनिकोडमध्ये नाही. ती फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की समोर नुसती गिचमिड अक्षरं येतात.

म्हणून जाणकार लोक एक युक्ती करतात. नव्या संगणकाच्या पोटात दुसरा, जुना संगणक बसवतात. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअर अशी सॉफ्टवेअर हे काम करतात. बाहेर विंडोज १० किंवा ११, आत एका खिडकीत विंडोज एक्सपी, आणि त्या एक्सपीत जुनं इनपेज. छान चालतं. मग एक दिवस अपडेट येतं, संगणक बंद होऊन परत सुरू होतो, आणि आतला संगणक सांगतो : पुरेशी मेमरी नाही, सुरू होता येत नाही. काल तर चालत होतं, मग मेमरी गेली कुठे?

हे समजायला आपल्या माणदेशातल्या माणसाला वेळ लागू नये. उन्हाळ्यात टँकर येतो, टाकी भरते आणि एकाच टाकीवर दोन घरं चालतात. संगणकाची मेमरी, म्हणजे रॅम, ही ती टाकी. बाहेरचं विंडोज हे मोठं घर, आतलं जुनं विंडोज हे भाडेकरूचं घर. मोठ्या घराची माणसं वाढली की भाडेकरूच्या नळाला पाणी येत नाही. एक्सपीला मायक्रोसॉफ्टने सुचवलेली मेमरी होती १२८ एमबी. विंडोज ११ ला कमीत कमी ४ जीबी लागते, म्हणजे त्याच्या ३२ पट. त्यामुळे ४ जीबीच्या संगणकावर विंडोज ११ टाकलं तर भाडेकरूसाठी जवळपास काही उरत नाही.

पण प्रत्येक वेळी टाकी खरोखरच रिकामी असते असं नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये विंडोज ८.१ साठी केबी २९९५३८८ नावाचं एक ऐच्छिक अपडेट आलं. ते घेतल्यावर व्हीएमवेअर वर्कस्टेशन १० वापरणाऱ्यांना आतला संगणक सुरूच करता येईना. संदेश तोच : पुरेशी मेमरी नाही. ज्यांच्या संगणकात भरपूर रॅम मोकळी होती, त्यांनाही तोच संदेश. टाकी भरलेली होती, पण अपडेटनंतर व्हीएमवेअरचं मोजमाप चुकत होतं. लोकांनी अपडेट काढून टाकलं किंवा व्हीएमवेअरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ वाढवली आणि काम सुरू झालं. पुढे कंपनीनेही दुरुस्त आवृत्ती दिली. रॅम विकत घेऊन हा बिघाड गेला नसता. पडद्यावरचा संदेश एक सांगतो आणि दुखणं दुसरंच असतं, हे या प्रकरणातून शिकण्यासारखं आहे.

दुसरा प्रकार अलीकडचा. मायक्रोसॉफ्ट आता सुरक्षेसाठी स्वतःच व्हर्च्युअल मशीनचं तंत्र वापरते. ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही सोय त्यातलीच, आणि बऱ्याच नव्या संगणकांवर ती आधीपासून चालू असते. म्हणजे जी जागा आपलं व्हर्च्युअलबॉक्स थेट वापरत होतं, तिथे आता विंडोज आधीच येऊन बसलेलं असतं. सुरुवातीला तर दोन्ही एकत्र चालतच नव्हती. मे २०२० मध्ये व्हीएमवेअरच्या १५.५.५ आवृत्तीने हा पेच बराचसा सोडवला. व्हर्च्युअलबॉक्सही आता चालतं, पण मंद. अशा वेळी त्याच्या खिडकीत खाली एक हिरवं कासव दिसतं. ते चित्र शोभेसाठी नाही, गाडी दुसऱ्याच्या रस्त्यावरून हळू चालली आहे असं ते सांगतं.

मग काही जण म्हणतात, अपडेटच बंद करून टाका, कटकट मिटली. हा सल्ला घातक आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभरातले लाखो संगणक कुलूपबंद केले आणि फायली परत देण्यासाठी खंडणी मागितली. ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं, ते सापडले. फाइल उघडत नाही ही अडचण आहे, पण सगळ्या फायली एका रात्रीत जाणं ही आपत्ती आहे.

रॅम वाढवून घ्यावी, हा सरळ उपाय वाटतो. पण तोही महागला आहे. एआयच्या डेटा सेंटरना प्रचंड मेमरी लागते, त्यामुळे २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव चढले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीने सामान्य ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रूशियल’ हा व्यवसाय गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. अमेरिकेतल्या डेटा सेंटरची तहान अशी दहिवडीच्या दुकानातल्या रॅमच्या पट्टीपर्यंत पोचते.

तेव्हा पैसे खर्च करण्याआधी फुकटात होणाऱ्या गोष्टी करा. अपडेट घेण्याआधी आतला संगणक नीट शटडाउन करा, नुसता थांबवून ठेवू नका. त्याच्या पूर्ण फोल्डरची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. अपडेट काही आठवडे पुढे ढकलायची सोय विंडोजमध्येच आहे, परीक्षेच्या किंवा लग्नसराईच्या दिवसांत ती वापरा आणि काम संपलं की अपडेट घ्या. मेमरीचा संदेश आला तर आधी टास्क मॅनेजरमध्ये बघा, खरंच रॅम भरली आहे का. भरली असेल तर आतल्या एक्सपीला दिलेला वाटा कमी करा. कुणी हौसेने २ जीबी दिलेली असते, पण इनपेजच्या कामाला ५१२ एमबी सहसा पुरते. भरली नसेल तर व्हर्च्युअल मशीनच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घ्या, आणि तेवढ्यानेही न जमल्यास नुकतंच आलेलं अपडेट तात्पुरतं काढा. आणि आतल्या एक्सपीचं इंटरनेट कायम बंद ठेवा. त्याला २०१४ पासून मदत नाही, ते उघडं दार आहे.

हे सगळं केलं तरी ती मलमपट्टीच. खरा इलाज म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये आणणं. मग तो मोबाइलवर उघडतो, शोधता येतो, कुठल्याही अपडेटवर अवलंबून राहत नाही. इनपेजच्या नव्या आवृत्त्या युनिकोड घेतात, मजकूर बदलून देणारी साधनंही आहेत. मात्र बदलल्यावर नावं, आकडे आणि जेर-जबर डोळ्यांनी तपासायलाच हवेत. सोबत प्रत्येक कागदाची एक पीडीएफ ठेवा.

घाई का, असं कुणी विचारेल. गेल्या वर्षाकडे बघा. ६ जून २०२५ ला वक्फ मालमत्तांसाठी उमीद पोर्टल सुरू झालं आणि नोंदणीला सहा महिन्यांची मुदत होती. कायद्याबद्दल कुणाचं काहीही मत असो, तारीख आली की कागद हातात लागतो. ट्रस्टचा जुना ठराव एकाच संगणकात, एकाच माणसाला उघडता येणाऱ्या फाइलमध्ये असेल, तर तो असून नसल्यासारखा. पूर्वजांनी दिलेल्या जमिनीचे कागद, जमातीचा हिशेब, ही अमानत आहे. ती एका बिघाडावर सोडता येत नाही.

शाळांबाबत एक मागणीही करायला हवी. केरळमध्ये काइट ही सरकारी संस्था शाळांसाठी लिनक्सची स्वतः तयार केलेली आवृत्ती देते, ती २ लाखांहून अधिक संगणकांवर गेली आहे. म्हणजे शाळेत काय चालेल हे आधी कुणीतरी बघतं, मग ते वर्गात जातं. आपल्याकडे संगणक खोलीत येतो, पण त्याच्याबरोबर अशी जबाबदारी घेणारा माणूस येत नाही. पुण्यात सी-डॅकसारखी संस्था आहे, भारतीय भाषांच्या संगणकीकरणाचं मोठं काम तिच्या नावावर आहे. जिल्हा परिषदेने आणि शिक्षण विभागाने तिची मदत घेऊन, अपडेट आधी तपासून मग शाळांना देण्याची सोय का करू नये? मराठी आणि उर्दू, दोन्ही माध्यमांना त्याचा फायदा आहे.

तोवर प्रत्येक मस्जिद कमिटीने, मदरशाने आणि शाळेने एवढं तरी करावं : गावातल्या बारावी-पदवीच्या दोन मुलामुलींना बसवून जुन्या फायलींची यादी करावी आणि सगळ्यात महत्त्वाच्या कागदापासून काम सुरू करावं. मुलं शिकतील, कागद वाचतील. १३ ऑक्टोबर २०२६ च्या आत हे होण्यासारखं आहे.