कढीपत्ता कुणाचा?

काही गोष्टी विकत घ्यायच्या नसतातच मुळी. निदान आपल्याकडे तरी नव्हत्या. भाजी घेतली की वर थोडी कोथिंबीर, दोन मिरच्या आणि कढीपत्त्याची एखादी काडी पिशवीत पडायची. भाजीवालीने आपणहून टाकली नाही तर आपण हक्काने मागायची. मसाल्याचा डबा वाण्याकडून भरायचा, पण हिरवा मसाला ओळखीवर मिळायचा, असा साधा हिशोब.

हा हिशोब आपल्यात किती खोल रुजलाय याचा पुरावा मे २०२४ मध्ये मिळाला. ब्लिंकिटवर कोथिंबिरीचे वेगळे पैसे पडतात हे पाहून मुंबईतल्या एकाच्या आईला म्हणे धक्काच बसला. त्याने जाहीरपणे सुचवलं की ठराविक भाजी घेतली तर कोथिंबीर फुकट द्या. आणि कंपनीच्या प्रमुखांनी ते ऐकलं! दहा मिनिटांत भाजी पोचवणाऱ्या यंत्रणेलाही शेवटी भाजीवालीसारखंच वागावं लागलं. मला तरी हे वाचून फार बरं वाटलं होतं.

तर सांगायचा मुद्दा असा. घरी कोथिंबीर-पुदिना लावा असं हल्ली जो तो सांगतो, आणि कारणं दोन देतो: पैसे वाचतात आणि औषध न मारलेलं खायला मिळतं. मला ही दोन्ही कारणं लंगडी वाटतात. एका कुंडीत धने पेरायचे, आठ-दहा दिवस उगवायची वाट पाहायची, मग महिना-सव्वा महिन्याने जेमतेम मूठभर कोथिंबीर निघते. त्यात माती, कुंडी आणि आपले कष्ट धरले तर जुडी कितीही महाग झाली तरी परवडली. आणि पोहे-आमटीवर भुरभुरवायची ती कोथिंबीर खातो किती आपण? भाजीत जायचं ते जातंच.

खरं कारण वेगळं आहे. या गोष्टी लागतात चिमूटभर, पण लागतात त्या क्षणीच. फोडणी तडतडायला लागल्यावर कढीपत्त्यासाठी कोणी बाजारात जात नाही. फ्रीजमधल्या काळ्या पडलेल्या पानांची फोडणी आणि नुकत्या तोडलेल्या पानांची फोडणी यांतला फरक शेजारच्या घरातसुद्धा कळतो. म्हणून माझा सल्ला असा, की जुडीने लागतं ते विकत आणा आणि पानापानाने लागतं ते लावा.

अशी झाडं फार लाडही मागत नाहीत. गवती चहाच्या ठोंबातला एक फुटवा मुळासकट कुंडीत खोचला की झालं. पुदिन्याच्या काड्या पाण्यात ठेवल्या तर आठवड्याभरात मुळं दिसतात (मात्र त्याला वेगळी कुंडी द्या, तो शेजाऱ्यांना जगू देत नाही). पानओव्याची फांदी तोडून लावली की लागते. भजी करा, सर्दीला काढा करा. आपल्या डब्यातला ओवा मात्र या झाडाचा नव्हे, तो वेगळाच. मे-जूनमध्ये हळदीचं एक कुडं मोठ्या कुंडीत पुरलं तर श्रावणात पातोळ्यांपुरती पानं घरची. आणि धने पेरताना हलकेच रगडून त्यांची दोन दलं करा. एका धन्यात दोन बिया असतात.

या सगळ्याऐवजी लोक सुंदर खोक्यातलं रोझमेरी-थाइमचं किट आणतात आणि ठाण्याच्या पावसाळ्यात ते कुजलं की 'आपल्या हाताला गुणच नाही' म्हणतात. अहो, ती कोरड्या हवेतली माणसं, तिथे तुमच्या हाताचा काय दोष! बेझिल हवीच असेल तर वाण्याकडचा सब्जा पेरून बघा, तेही बेझिलचंच बी. वास थोडा निराळा येईल, पण झाड इथल्या हवेत रुळलेलं असेल.

असो. हे सगळं आज लिहायला घेतलं त्याला कारण आहे. आमची सोसायटी पुनर्विकासाला चालली आहे. मागच्या भिंतीला लागून एक कढीपत्त्याचं झाड आहे, दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचलेलं. तळमजल्यावरच्या आजींनी कधीकाळी लावलं, पण आज ते कुणा एकाचं नाही. चारही मजले, इस्त्रीवाले भैया, कामाला येणाऱ्या मावश्या, सगळे त्याची पानं नेतात. इडल्यांच्या वासावरून कुणाकडे पाहुणे आलेत ते कळतं. नवीन नकाशात त्या जागी पोडियम पार्किंग आहे. मीटिंगमध्ये मी विषय काढला तेव्हा एक जण म्हणाले, "वहिनी, कोटींच्या गोष्टी चालल्यात आणि तुम्ही कढीपत्त्याचं काय घेऊन बसलात? दहा रुपयांचा आणा की!"

सगळे हसले. मीही हसले. पण प्रश्न दहा रुपयांचा नाहीच. महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्याप्रमाणे शहरात झाड तोडायला परवानगी लागते, बदल्यात दुसरी झाडंही लावायला लावतात. ती बहुधा प्रवेशद्वाराजवळची पामची रांग असते. मोजणीत झाडाला झाड भरून निघतं. पण पामकडे वाटी घेऊन कोणी जात नाही.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. तिला इथून ओला कढीपत्ता नेता येत नाही. तो लिंबाच्या कुळातला, आणि त्याच्यावरच्या एका बारीक किडीमुळे संत्र्या-मोसंब्यांना रोग लागतो. फ्लोरिडात तो रोग २००५ मध्ये सापडला, तेव्हापासून तिकडे या बाबतीत फार कडक. म्हणून तिने एक कुंडी पोसलीय. हिवाळ्यात ती घरात खिडकीशी येते, उन्हाळ्यात बाहेर जाते. तिथल्या ओळखीच्या मराठी, तमिळ, तेलुगू बायका तिच्याकडे पानं मागायला येतात, आणि त्या ओळखी तिथूनच वाढल्या. अठरा वर्षांत शेजारणीने दार वाजवलं ते पहिल्यांदा कढीपत्त्यासाठी, असं ती म्हणते. ते तिच्या कुंडीने केलं, आणि इथे आमच्या झाडाने वर्षानुवर्षं केलं.

आता तुम्ही म्हणाल, मग घरोघरी एकेक कुंडी ठेवा, प्रश्न मिटला. अर्धा मिटतो. कढीपत्त्याला मुळांपासून फुटवे येतात. या पावसात ते मुळासकट काढून जो मागेल त्याला द्यायचे असं आम्ही दोघी-तिघींनी ठरवलंय. कुंडीत तो छान जगतो. ऊन द्यायचं, शेंडे खुडत राहायचे म्हणजे फांद्या फुटतात. पण ज्याच्या त्याच्या बाल्कनीत ज्याचा त्याचा कढीपत्ता झाला की कुणाला कुणाकडे मागायला जायला नको. स्वयंपाक नीट होईल, पण जिना सुना होईल. म्हणून मला घरची कुंडी हवी, आणि सामायिक झाडही हवं. आपण नेमका यांतला सामायिक भाग आधी सोडून देतो, कारण त्याची किंमत कुणाच्याच चौरस फुटांत धरलेली नसते.

कमिटीला मी पत्र दिलंय. मागणी छोटी आहे: कुंपणालगत फक्त चार फूट रुंद पट्टा स्लॅबविना, खऱ्या जमिनीचा सोडा. त्यात एक कढीपत्ता, एक लिंबू, गवती चहाचे दोन-चार ठोंब. माळी लागणार नाही, आम्ही बघू. 'लॅन्डस्केपिंग'च्या खर्चापेक्षा हे स्वस्तच पडेल. आर्किटेक्टनी "बघतो" म्हटलंय. 'बघतो'चा अर्थ आपल्याला ठाऊक आहे, पण सह्या गोळा करणं चालू आहे. इमारतीतल्या बावीस घरांपैकी नऊ झाल्या. इस्त्रीवाले भैया सभासद नाहीत, नाहीतर दहावी त्यांची होती.

ज्यांच्या इमारती पाडायला निघाल्यात त्यांना एवढंच सांगणं, की नकाशावर सही करण्याआधी मागच्या बाजूला एक चक्कर मारा. तिथे काय उगवलंय आणि ते कोण कोण तोडून नेतं ते बघा. मग करा सही.