उमेदवार उभा करायचा तर कशासाठी?

निवडणूक जवळ आली की चळवळीच्या जिल्हा बैठकीत ठरलेला वाद होतो. एक गट म्हणतो, "मोर्चाला माणूस येतो, तर मताला का येणार नाही? उमेदवार द्या." दुसरा म्हणतो, "त्या चिखलात उतरू नका, अनामतसुद्धा हाती लागायची नाही." दोघेही तावातावाने बोलतात. आकडे काढून कोणी बघत नाही. आम्ही काढले, ते बैठकीपुढे ठेवतो.

२०२४ साली महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांसाठी ४,१३६ उमेदवार उभे होते. सहा मोठ्या पक्षांनी २७६ जागा नेल्या. उरल्या बारा. त्यांतले दोन अपक्ष, बाकीच्या दहा जागा आठ लहान पक्षांच्या वाट्याला आल्या. झालेल्या मतांचा सहावा हिस्साही न मिळाल्याने बहुतेकांच्या अनामती जप्त झाल्या. आपल्याकडे ज्याला एका मताने जास्त, तो निवडून येतो. दुसऱ्याच्या पदरात काही पडत नाही. त्यामुळे चाळीस मतदारसंघांत दोन-दोन हजार मते मिळवणारा पक्ष घरी बसतो आणि तेवढीच मते एका तालुक्यात गोळा करणारा विधानसभेत जातो. हा हिशोब कोणाला आवडो न आवडो, मतमोजणी याच हिशोबाने होते.

"पण आपल्यामागे आंदोलन आहे," असे कोणी म्हणेल. मग पंजाबकडे बघा. दिल्लीच्या वेशीवर वर्षभर बसून शेतकऱ्यांनी तीन कायदे मागे घ्यायला लावले, ते नोव्हेंबर २०२१ मध्ये. एवढा विजय हल्लीच्या काळात कोणत्या आंदोलनाला मिळाला? तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, त्यांतल्या काही संघटनांनी संयुक्त समाज मोर्चा म्हणून विधानसभा लढवली. एकही जागा आली नाही. मोर्चाचे नेते बलबीरसिंग राजेवाल यांची समराळ्यात अनामत गेली. लोकांना बदल हवा होता, पण त्यांनी तो जिंकेल असे वाटणाऱ्याच्या हाती दिला. आम आदमी पक्षाला ११७ पैकी ९२ जागा मिळाल्या.

पंजाबचा शेतकरी बेइमान झाला, असे आम्ही म्हणणार नाही. धरण्यावर बसताना शेतकरी हा फक्त शेतकरी असतो. मतदानाच्या दिवशी तो कोणाच्या तरी भावकीतला असतो, सोसायटीचा कर्जदार असतो, कारखान्याचा सभासद असतो. ऊसतोडीची चिठ्ठी कोणाच्या हातात आहे आणि पीककर्जाचे नवेजुने कोण करून देणार, हे त्याला पक्के ठाऊक असते. त्यातून "मत वाया घालवू नको" हा सल्ला घरातूनच मिळतो. आंदोलनाने भाव मागता येतो. ही बांधिलकी तीन महिन्यांच्या प्रचाराने सुटत नाही.

ती सुटते तेव्हा काय होते, याचे दाखले आपल्याच राज्यात आहेत. सांगोल्यातून गणपतराव देशमुख शेतकरी कामगार पक्षाकडून अकरा वेळा निवडून आले. पहिल्यांदा १९६२ साली. १९७२ ला पडले, १९९५ ला पडले, पुन्हा आले. त्यांचा पक्ष राज्यभर आटत गेला तरी सांगोला राहिले. २०१९ ला ते ७६८ मतांनी गेले आणि २०२४ ला परत आले. पक्षाची राज्यातली तेवढीच एक जागा. राजुऱ्याला वामनराव चटप २००४ साली स्वतंत्र भारत पक्षाकडून जिंकले आणि २०१९ ला सुमारे अडीच हजार मतांनी हुकले. राजू शेट्टी आधी जिल्हा परिषदेत गेले, मग २००४ साली शिरोळमधून अपक्ष आमदार झाले, मग २००९ साली हातकणंगल्यातून स्वतःच्या पक्षाकडून खासदार. २०१४ ची निवडणूक त्यांनी एका आघाडीतून जिंकली, २०१९ ची दुसऱ्या आघाडीतून लढून हरले, आणि २०२४ ला एकटे लढून तिसऱ्या क्रमांकावर गेले. गट, मग तालुका, मग जिल्हा, अशी चढण त्यांनी धरली होती. आघाड्या बदलल्यावर त्या चढणीचे काय झाले, यावर आमच्यातही दोन मते आहेत.

चिन्हाची गोष्टही हलकी समजू नका. २०२४ च्या लोकसभेला दिंडोरीत पिपाणी चिन्हाच्या एका अपक्षाला लाखावर मते पडली. चिन्हांच्या मराठी यादीत तिच्यापुढेही 'तुतारी' हाच शब्द होता. साताऱ्यात याच चिन्हाला ३७ हजारांवर मते गेली आणि तिथला निकाल त्याहून कमी फरकाने लागला. माणूस नावावर नाही, चित्रावर बोट ठेवतो. अर्ज भरल्यावर मिळेल ते चिन्ह घेऊन पंधरा दिवसांत ते वाडीवस्तीवर कसे पोचवणार?

जिंकणे सोडून दुसराही हेतू असू शकतो, आणि तो कमी दर्जाचा नाही. २०१९ साली तेलंगणात निजामाबादला हळदीच्या भावासाठी आणि हळद मंडळासाठी पावणेदोनशेच्या आसपास शेतकऱ्यांनी लोकसभेचे अर्ज भरले. एकूण उमेदवार १८५. यंत्रे पुरेनात, एकेका केंद्रावर ती ओळीने मांडावी लागली. शेतकऱ्यांतला कोणी निवडून येणार नव्हता, आलाही नाही. पण मुख्यमंत्र्यांची मुलगी असलेल्या खासदार कविता सुमारे सत्तर हजार मतांनी पडल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय हळद मंडळ निजामाबादलाच सुरू झाले. सांगली-हिंगोलीच्या हळदवाल्यांनी हे ध्यानात ठेवावे.

म्हणून आमचे म्हणणे असे. जिंकायचे असेल तर जिल्ह्यात दोन-तीनच गट आणि त्यांतले गण निवडा, जिथे आपला माणूस सोसायटीत किंवा बाजार समितीत आधीपासून लोकांची कामे करतो. दाब आणायचा असेल तर एकच मागणी धरा आणि ती मतदानाआधी गावोगाव सांगा. नुसती हौस म्हणून किंवा कोणाला तरी पाडायचे पैसे घेऊन उभे राहणाऱ्याला बैठकीने सरळ नाही म्हणावे.

बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने २०२४ चा फॉर्म २०, म्हणजे केंद्रवार मतांचा तक्ता, सोबत आणावा. आपल्या विचाराच्या उमेदवाराला शंभरावर मते मिळालेली केंद्रे त्यावर लाल पेनने खुणा करून आणावीत. उमेदवारांच्या नावांची चर्चा त्यानंतर घेऊ.