कोणतं तेल? की किती तेल?

बहरीन आणि तेल यांचं नातं जुनं आहे. १९३२ मध्ये जबल दुखानजवळ जमिनीतून तेल वर आलं आणि या लहानशा बेटाचं नशीब पालटलं. आखाताच्या अरब किनाऱ्यावर सापडलेलं ते पहिलं तेल. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील इथे नोकरीला आले, त्यामागेही कुठेतरी तेच तेल आहे. पण आज मला तुमच्याशी बोलायचंय ते दुसऱ्या तेलाबद्दल, तुमच्या स्वयंपाकघरातल्या बाटलीबद्दल.

मनामातल्या एखाद्या मोठ्या सुपरमार्केटमध्ये तेलाच्या रांगेसमोर उभे राहा. सूर्यफूल, मका, शेंगदाणा, तीळ, मोहरी, खोबरेल, ऑलिव्ह. अर्ध्या जगाची तेलं एकाच फळीवर! मग घरात वाद सुरू होतो. आई म्हणते शेंगदाण्याचंच चांगलं, बाबा म्हणतात आता ऑलिव्ह आणू या, आणि पुण्याहून फोनवर आजी म्हणते, "अगं, घाण्याचं तेल वापरा!" माझं मत विचाराल तर हा वादच थोडा चुकीच्या जागी चाललाय. "कोणतं तेल" हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्याआधी "किती तेल" आणि "कितीदा तापवलेलं तेल" हे दोन प्रश्न विचारायला हवेत.

आधी एक गैरसमज दूर करू या. अनेक बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, "कोलेस्ट्रॉल फ्री". हे खरं आहे, पण त्यात कौतुक काहीच नाही. कोलेस्ट्रॉल मुख्यतः प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांत असतं: दूध, तूप, अंडी, मांस. झाडांपासून काढलेल्या कोणत्याच तेलात ते जवळजवळ नसतं. म्हणजे खोबरेलही "कोलेस्ट्रॉल फ्री" आणि सूर्यफूलही. आपल्या शरीरातलं बरंचसं कोलेस्ट्रॉल तर आपलं यकृतच बनवतं.

मग तेलाचा संबंध येतो कुठे? तो येतो तेलातल्या स्निग्धांशामुळे. स्निग्धांश दोन मुख्य प्रकारचे: संपृक्त आणि असंपृक्त. यकृत रक्तातलं एलडीएल, म्हणजे "वाईट" कोलेस्ट्रॉल, उचलून घेतं आणि रक्त साफ ठेवतं. संपृक्त स्निग्धांश जास्त खाल्ला, की यकृताचं हे काम मंदावतं. मग एलडीएल रक्तात साठतं आणि हळूहळू रक्तवाहिन्यांच्या भिंतींत जाऊन बसतं. खोबरेलात ८५ ते ९० टक्के स्निग्धांश संपृक्त असतो, तुपात साधारण ६० टक्के, पाम तेलात जवळपास ५०. शेंगदाण्याच्या तेलात तो २० टक्क्यांहून कमी, ऑलिव्हमध्ये १४ च्या आसपास, आणि सूर्यफूल व करडईत त्याहूनही कमी. करडई तर मराठवाड्याच्या, सोलापूरच्या रानातलं पीक! म्हणजे हृदयाला चालणारी तेलं आपल्या गावाकडेही होतीच. त्यासाठी महागडी परदेशी बाटली आणलीच पाहिजे असं नाही.

सगळ्यात वाईट मात्र ट्रान्स फॅट. द्रव तेलावर कारखान्यात प्रक्रिया करून ते घट्ट केलं, की वनस्पती तूप तयार होतं. भारतात "डालडा" या नावानं ते घराघरांत पोचलं. त्यातलं ट्रान्स फॅट वाईट कोलेस्ट्रॉल वाढवतं आणि एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्ट्रॉल, कमी करतं. तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले! २०२२ पासून भारतात खाद्यतेलांत आणि वनस्पती तुपात ट्रान्स फॅट २ टक्क्यांपेक्षा जास्त असायला मनाई आहे. तरी बिस्किटं, खारी, पफ यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचत चला. मराठी वाचायला शिकताय, तशी पाकिटं वाचायलाही शिका.

तुम्ही म्हणाल, "आमचे पणजोबा तुपाची धार घेऊन जेवायचे, त्यांना काही झालं नाही." शक्य आहे. पण ते दिवसभर शेतात राबत होते. आपण वातानुकूलित घरातून वातानुकूलित गाडीत बसतो आणि उन्हाळ्यात चाळीसच्या पुढे पारा गेला की चालायलाही बाहेर पडत नाही. शिवाय आपल्या लोकांचं हृदय लवकर कुरकुरतं. इंटरहार्ट या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसलं, की भारत आणि शेजारच्या देशांत पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी येतो. बाकीच्या जगात तो ५९ च्या आसपास येतो. त्याला तेल हे एकटं कारण नाही. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, बैठं काम ही कारणंही आहेतच. पण ५३ म्हणजे किती? तुमच्या बाबांचं वय आठवून बघा.

म्हणून तूप बंद करा असं मी म्हणणार नाही. वरणभातावर चमचाभर तूप हा आपल्या जेवणाचा आनंद आहे. तूप सोडून त्याजागी मैद्याची बिस्किटं आणि गोड पेयं घेतली, तर हृदयाचा काहीच फायदा होत नाही. तूप आणि खोबरेल कमी करून त्याजागी शेंगदाणा, सूर्यफूल, करडई यांसारखं तेल घेतलं, तर फायदा होतो. तोही मोजून घेतलं तरच. कारण तेल कोणतंही असो, एका ग्रॅमला ९ कॅलरी ठरलेल्याच.

आता तळणीचं तेल. दिवाळीत चकल्या तळल्या, उरलेलं तेल डब्यात भरलं, आणि पुढचे पंधरा दिवस भजी, पुऱ्या, पापड त्यातच. तेल परत परत तापवलं की ते बिघडतं आणि त्यात शरीराला नको असलेले पदार्थ तयार होतात. काळं, चिकट झालेलं, वास येणारं तेल फेकून देणं म्हणजे उधळपट्टी नव्हे. मुळात कढईत थोडंच तेल घ्या, म्हणजे जीव हळहळणार नाही.

आणि किती तेल पुरे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये सांगितलेल्या २,००० कॅलरींच्या ताटात तेल-तूप मिळून दिवसाला सुमारे २७ ग्रॅम आहे. म्हणजे माणशी दोन मोठे चमचे. एक लिटर तेल साधारण ९०० ग्रॅम भरतं. चौघांच्या घरात ते आठ दिवस पुरायला हवं, आणि त्यात बाहेर खाल्लेले समोसे धरलेलेच नाहीत! तेव्हा नवी बाटली उघडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा. संपेल त्या दिवशी मोजा.

हे घरी बोलणं सोपं नाही, हे मला माहीत आहे. मराठीत "स्नेह" या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत: तेल-तूप आणि माया. आई पोळीवर तूप सोडते तेव्हा ती दोन्ही वाढत असते. म्हणून "आई, तुझा स्वयंपाक चांगला नाही" असं म्हणू नका. म्हणा, "आई, फोडणी आज मी करतो," किंवा "मी करते." मग पळीनं ओतण्याऐवजी चमचा हातात घ्या. जमलं तर त्याच आठवड्यात आईबाबांना कोलेस्ट्रॉल तपासायला घेऊन जा. स्नेह असाही दाखवता येतो.