ताक चालतं, म्हैस नको?

ट्रेकवरून आलो की आपण फोटो टाकतो. गडाचे चार, ढगांचे सहा आणि एक हमखास धनगरवाड्याचा. सारवलेलं अंगण, घोंगडी पांघरलेले आजोबा, तांब्यातलं ताक. खाली कमेंट: "किती साधं आयुष्य रे!" (हो, मीपण टाकलीय.)

मागच्या रविवारी परत येताना विरार लोकलमध्ये आमच्यातलाच एक म्हणाला, "यांच्या म्हशी जंगल खातात. खाली आणून वसवलं पाहिजे सगळ्यांना." अरे बाबा, ताक पिताना नाही सुचलं हे?

गवळी धनगर डोंगरात चुकून राहून गेलेले नाहीत. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९८२ मध्ये त्यांच्यावर शोधनिबंध लिहिलाय. कुणबी खाली खोऱ्यात शेती आणि शिकार करणार, गवळी धनगर वर माथ्याजवळ म्हशी-गाई राखणार. दही घुसळायचं, ताक घरात प्यायचं, लोणी देऊन कुणब्याकडून धान्य घ्यायचं. एकाच डोंगरात दोन जाती, पण एकीचा हात दुसरीच्या ताटात नाही. आपण असल्या गोष्टींवर नुसत्या पीपीटी करतो!

पुढे हे गणित बिघडलं, मान्य. माणसं वाढली, उतारावर नांगर आला. पण कोयना धरणानं अख्खं खोरं बुडवलं, १९८५ मध्ये अभयारण्य झालं, २०१० मध्ये व्याघ्र प्रकल्प. हिशोबात फक्त म्हशीच का?

हा सिनेमा अर्जेंटिनात आधीच लागून गेलाय. तिथले गुराखी, गाऊचो. १८१५ च्या एका फर्मानानं ब्युनोस आयर्स प्रांतात जमीन नसलेल्याकडे मालकाची चिठ्ठी नसेल तर तो भटका ठरायचा आणि सैन्यात जायचा. मग मोकळ्या कुरणांना काटेरी तारा आल्या. होसे एर्नांदेसनं १८७२ मध्ये 'मार्तीन फियेर्रो' या काव्यात अशाच एका गाऊचोची फरफट मांडली. माणूस संपत आला तेव्हा तो राष्ट्राचं प्रतीक झाला! आता ६ डिसेंबरला गाऊचो दिन असतो.

आपल्याकडची चिठ्ठी जरा आधुनिक आहे, एवढंच. २००६ चा वनहक्क कायदा चराईचा हक्क देतो, भटक्या पशुपालकांनासुद्धा. चांगला कायदा आहे. पण महाराष्ट्रात धनगर भटक्या जमातींच्या 'क' गटात, अनुसूचित जमातींत नाहीत. त्यामुळे त्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, त्या जंगलात राहिल्याचं दाखवावं लागतं. म्हणजे १९३० पासूनचं! कायदा वडीलधाऱ्यांचा जबाबही पुरावा मानतो, पण तो नीट लिहून घेऊन दावा पुढे न्यायला कोणीतरी लागतं ना.

मी नालासोपाऱ्यात ११ महिन्यांच्या भाडेकरारावर राहतो. तेवढ्या कागदावर मला गॅस मिळाला, बँकेत खातं मिळालं. १९३० मध्ये तुझे पणजोबा कुठे होते, असं अजून कोणी विचारलेलं नाही.

त्या मित्राला हे सगळं सांगेपर्यंत वसई गेलं. तो म्हणाला, "पुढचा ट्रेक कधी? तिथलं तूप आणायचंय आईला."