घरच्या घरी 'सा'

घरी बसून, समोर पुस्तक आणि मोबाईल ठेवून गाणं शिकता येतं का? मंडळाच्या कोजागरीला मी एक भजन म्हटलं, तेव्हापासून हा प्रश्न पाच-सहा जणांनी तरी विचारला आहे. विचारणारे बहुतेक माझ्याच वयाचे. नोकरी, घराचे हप्ते, मुलांच्या शाळेच्या वेळा, आणि संध्याकाळी सात वाजता कुठल्याही क्लासला पोचणं अशक्य. म्हणून या वेळचं सदर त्यावरच.

आधी माझी पात्रता सांगून टाकतो. बीई कॉम्प्युटर, नोकरी सॉफ्टवेअरची, वय ३६. गाण्याची एकही परीक्षा दिलेली नाही. गेली दोन वर्षं रोज सकाळी २५ मिनिटं घरी रियाज करतो, एवढंच. तेव्हा हे जाणकाराचं मत समजू नका. दोन पावलं पुढे गेलेला माणूस मागच्याला "इथे खड्डा आहे" म्हणून सांगतो, तसं समजा.

थोडक्यात उत्तर असं, की अर्धं गाणं घरी शिकता येतं. ते कुठलं अर्धं, हे आधी कळलं की पुढे निराशा होत नाही.

हे खूळ जुनंच आहे

"पुस्तकातून कधी गाणं येतं का?" म्हणणारे एक काका प्रत्येक घरात असतात. त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण गाणं कागदावर उतरवण्याचा खटाटोप ॲपवाल्यांनी सुरू केलेला नाही. तो आपल्या बडोद्यातच फार पूर्वी झाला आहे. सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं १८८६ साली मौलाबक्ष यांनी इथे गायनशाळा काढली. त्यांनी स्वतःची स्वरलिपीही तयार केली होती. त्याच शाळेची पुढे विद्यापीठाची फॅकल्टी ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स झाली, सुरसागरजवळची. आपण तिला अजून 'म्युझिक कॉलेज'च म्हणतो.

१९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीही बडोद्यालाच. तिच्यामागे होते पंडित विष्णु नारायण भातखंडे. शिक्षण वकिलीचं, पण आयुष्य गेलं बंदिशी ऐकण्यात आणि उतरवून घेण्यात. त्यांच्या 'क्रमिक पुस्तक मालिके'चे सहा भाग मूळ मराठीत आहेत. आज बाजारात हिंदी आवृत्त्याच जास्त दिसतात, त्यामुळे आपल्यातल्या कित्येकांना हे ठाऊक नसतं. त्याच सुमाराला विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं आणि शिकवण्यासाठी स्वरलिपीतली पुस्तकं छापली. गाणं चार घराण्यांच्या तिजोरीत न राहता सामान्य घरात जावं, ही दोघांची धडपड होती. आपण मोबाईल उघडून बसतो, ते त्याच वाटेवर.

सामान चारच

तंबोरा, स्वतःचा सा, एक पुस्तक आणि आवाज रेकॉर्ड करायची सोय. तंबोऱ्याची फुकट ॲप्स चांगली आहेत. पुस्तकाचं म्हणाल, तर भातखंड्यांचा पहिला भाग किंवा गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या 'प्रारंभिक' परीक्षेचा अभ्यासक्रम. परीक्षा द्यायची नसली तरी आधी काय आणि नंतर काय, हे त्यातून कळतं. इंटरनेटवर गाण्याचे धडे हजारो आहेत, पण क्रम नाही, आणि एकट्यानं शिकणारा बहुतेक वेळा तिथेच अडकतो.

भातखंडे लिपी शिकायला एक संध्याकाळ पुरते. स्वराखाली टिंब म्हणजे मंद्र, डोक्यावर टिंब म्हणजे तार. खाली आडवी रेघ म्हणजे कोमल. मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ म्हणजे तीव्र. तालात फुलीचं चिन्ह समेला, शून्य खालीला. इतकं नेटकं फॉरमॅट आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांनाही क्वचितच जमतं.

आता स्वतःचा सा. आवडत्या गायकाच्या पट्टीत गाऊ नका. तंबोऱ्याची पट्टी बदलत बदलत अशी शोधा, की खाली मंद्र पंचम स्पष्ट ऐकू येईल आणि वर तार गंधार न ओरडता लागेल. पुरुषांची पट्टी बहुधा पांढरी एक ते पांढरी दोनच्या आसपास सापडते, बायकांची काळी चार-पाचच्या आसपास. पण हा नियम नाही, स्वतःचा घसा सांगेल ते खरं. पट्टी ठरली की निदान सहा महिने बदलू नका.

दोन सूचना तांत्रिक, माझ्या धंद्यातल्या. ब्लूटूथच्या इयरफोनमध्ये आवाज किंचित उशिरा पोचतो. नुसत्या तंबोऱ्याला ते चालतं, पण तबल्याबरोबर गाऊन रेकॉर्ड केलं, की आपण मागे पडल्यासारखं ऐकू येतं. वायरचा इयरफोन घ्या, तोही एकाच कानात. दुसरी गोष्ट, व्हिडिओ कॉलवर शिकत असाल तर गोंगाट गाळण्याची सोय बंद करा. पुष्कळदा तिला तंबोऱ्याचा सलग नादच गोंगाट वाटतो.

पंचवीस मिनिटं कशी घालवायची

पहिली ७ मिनिटं फक्त सा. नंतर खर्जात हळूहळू मंद्र पंचमापर्यंत उतरायचं, जोर न लावता. पुढची ८ मिनिटं अलंकार: सारेग, रेगम, गमप. आधी स्वरांची नावं घेऊन, मग आकारात. लय ६० वर ठेवून बरोबरीत, मग दुगुनीत. उरलेली १० मिनिटं एकच राग, तीन महिने तोच. मी भूप घेतला. पाचच स्वर, सा रे ग प ध. चुकायला जागा कमी, असं वाटतं.

घरच्यांची तयारी मात्र करून ठेवा. पहिल्या महिन्यात आमच्या स्वयंपाकघरातून एकदा आवाज आला होता, "सा लागला असेल तर गॅस बंद करा, दूध उतू जातंय."

पडदा आणि कान

सूर दाखवणारी ॲप्स असतात. गाल तसा काटा हलतो आणि बरोबर आलं की हिरवा रंग दिसतो. आम्हा इंजिनिअरांना हे फार आवडतं. पण त्यात एक गोम आहे. हिशेबाच्या सोयीसाठी सा २४० धरू. तंबोऱ्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो, ज्याला जुने लोक स्वयंभू गंधार म्हणतात, तो ३०० येतो. हार्मोनियमचा आणि बहुतेक ॲप्सचा गंधार सप्तकाचे बारा सारखे भाग करून काढलेला असतो. तो ३०२.४ येतो. पंचमात फरक जवळजवळ नाही, ३६० आणि ३५९.६. म्हणजे पंचमाला हिरवा रंग दिसला तर तो खरा, पण गंधाराला हिरवा दिसला तरी तंबोऱ्याशी तो बारीक घासतो. ॲप चुकीचं नाही, त्याची मोजपट्टी वेगळी आहे.

म्हणून पहिले काही आठवडे काटा बघा, नंतर डोळे मिटा. गंधार तंबोऱ्यात विरघळला, की आवाजातली थरथर थांबते आणि खोली एकदम शांत झाल्यासारखी वाटते. ही खूण कुठल्याही पडद्यावर दिसत नाही, पण एकदा कळली की विसरतही नाही.

पुस्तक कुठे थांबतं

भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच. पुस्तक सांगतं, भूपात गंधार मुख्य, देशकारात धैवत. वाचून झालं की परीक्षेतल्या प्रश्नाचं उत्तर देता येतं, गाता येत नाही. दरबारीतला गंधार लिपीत नुसता कोमल ग असा दिसतो. तो गाताना कसा झुलतो, ते कागदावर नसतं. तिथे कुणाचं तरी गाणं ऐकावं लागतं आणि कुणीतरी आपलं ऐकावं लागतं. महिन्यातून एकदा जरी जाणत्या माणसाला ऐकवलं, तरी पुढचे तीस दिवस सरळ जातात. घसा दुखला किंवा आवाज बसला, तर मात्र रियाज बंद. चार दिवसांत उतरलं नाही तर डॉक्टर. ते दुखणं पुस्तकाला कळत नाही.

मी हे कशासाठी करतो

आता खरं कारण. आमच्या आजीकडे एक वही आहे. आजीचं माहेर मिरज. लग्न होऊन १९६२ साली ती बडोद्याला आली, तेव्हा ही वही बरोबर होती. त्यात ३१ गाणी आहेत: पाळणे, भूपाळ्या, काही ओव्या आणि हादग्याची गाणी. मंडळात सगळे 'भोंडला' म्हणतात, आजी अजून 'हादगा'च म्हणते. वहीत शब्द आहेत, चाली नाहीत. त्या लिहायची गरज कुणाला पडलीच नव्हती, रोज म्हटल्याच जात होत्या.

आजी आता ८४ वर्षांची आहे. दम पुरत नाही. ओळ अर्ध्यावर सुटते. फोनवर रेकॉर्ड केलं तर त्या अर्ध्या ओळीच मिळतात. मधलं सांधायचं, तर ऐकणाऱ्याला सूर ओळखता आले पाहिजेत. माझ्या त्या सात मिनिटांच्या 'सा'ला एवढं मोठं काम होतं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर रविवारी दुपारी आम्ही बसायला लागलो. तंबोरा माझ्या पट्टीत लावून उपयोग नव्हता, आजी जिथे आपसूक सुरुवात करते तिथे लावावा लागला. तो निघाला पांढरी तीनच्या जवळ. पुढची अडचण अशी, की ज्या स्वरावर गाणं सुरू होतं, तो सा असतोच असं नाही. मग युक्ती सापडली. कडवं संपताना जिथे सूर येऊन टेकतो, जिथे थांबलं की आणखी काही यायचं राहिलंय असं वाटत नाही, तो सा. तो एकदा धरला की बाकीचे आपापल्या जागी बसतात. तिचा एक पाळणा तर अख्खा चारच स्वरांत निघाला: मंद्र नि, सा, रे, ग.

मी तो लिहिला आणि तिला गाऊन दाखवला. सूर सगळे बरोबर होते. ती म्हणाली, "असं नाही रे बाळा. शेवटचा सूर ओढू नकोस, सोडून दे. पोराला निजवायचंय, उठवायचं नाही." मग मात्रा मोजून दाखवल्या, तर म्हणाली, "झोळीच्या दोरीला विचार." खरोखरच प्रत्येक ओळ दोन झोक्यांत बसते. तेव्हा वहीत मात्रांच्या जागी 'झोका १, झोका २' असं लिहिलं आहे. भातखंड्यांनी हरकत घेतली नसती, असं वाटतं.

माझी मुलगी सात वर्षांची. शाळेत गुजराती आणि इंग्रजी, घरी मराठी. 'चूल', 'जातं', 'चाफा' यांतले च आणि ज ती गुजराती वळणानं, 'चहा' आणि 'जन्म'मधल्यासारखे म्हणायची. टोकून काही होत नव्हतं. ओव्या ऐकायला ती आमच्याजवळ बसू लागली आणि दोन महिन्यांत 'जातं' आपोआप आजीसारखं म्हणू लागली. शब्दांचा उच्चार चालीबरोबर येतो, हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं.

आजवर ३१ पैकी १९ चाली लिहून झाल्या. दोन मिरजेहून आल्या, आजीच्या धाकट्या बहिणीनं फोनवर म्हणून दाखवल्या. उरलेल्या दहा गाण्यांचे शब्द आजी वाचते, ओठ हलवते, थांबते आणि वही मिटते. "ही गेली रे," म्हणते. एका गाण्याला 'नमुनादाखल' दुसऱ्याची चाल लावावी, असं मी सुचवून पाहिलं. तिला ते मुळीच पटलं नाही. त्या पानांवर आम्ही काही लिहिलेलं नाही.

म्हणून मंडळी, या वेळचा गृहपाठ दोन ओळींचा आहे. या आठवड्यात आपला सा शोधा. आणि घरात जी सगळ्यात वयस्कर गाणारी बाई असेल, मग ती आजी असो, मावशी असो की शेजारच्या काकू, तिचं एक गाणं पूर्ण ऐका आणि रेकॉर्ड करा. सुरुवातीला तिचं नाव, माहेरचं गाव आणि गाणं कुणाकडून शिकली, हे तिच्याच तोंडून येऊ द्या. चाल ओळखता येत नसेल तर राहू दे, ते नंतरही शिकता येईल. रेकॉर्डिंग मात्र याच रविवारी करा.

पुढच्या अंकात तालाबद्दल. तोवर दुधाकडे लक्ष ठेवा.