पिक्चर संपल्यावरचा स्वयंपाक

पोह्याचे पापड लाटायचे दिवस होते. बचत गटातल्या आम्ही आठजणी माझ्या पडवीत पोळपाट मांडून बसलो होतो. पापड लाटताना हात आणि तोंड दोन्ही चालतात, हे काही तुम्हाला सांगायला नको. पण हल्ली तिसरंही एक चालतं, ते म्हणजे टीव्ही! लेकाने मोबाईल टीव्हीला जोडून दिला आणि म्हणाला, "आई, 'मिसेस' बघा. तुमच्या कामाचा आहे." आणि स्वतः गेला निघून मित्रांबरोबर.

'मिसेस' हा २०२५ च्या फेब्रुवारीत ओटीटीवर आलेला हिंदी सिनेमा. 'द ग्रेट इंडियन किचन' नावाच्या मल्याळी सिनेमावरून केलेला. सान्या मल्होत्राने नाच शिकलेली, हौशी रिचा केली आहे. ती लग्न होऊन एका डॉक्टरच्या घरात येते. या घरात कुणी तिच्यावर हात उगारत नाही, हुंड्यासाठी छळत नाही. सासरे तर अगदी गोड बोलतात. फक्त चटणी पाट्यावरचीच हवी, मिक्सरमधली नको. आणि फुलका तव्यावरून थेट ताटात यायला हवा. बस्स, एवढंच! दीड-पावणेदोन तास आपण नुसतं चिरणं, लाटणं, खरकटं आणि तुंबलेलं बेसिन बघतो आणि हळूहळू आपलाच जीव गुदमरायला लागतो.

गंमत बघा, पडद्यावर ती लाटते आहे आणि पडवीत आम्ही लाटतो आहोत. पहिल्यांदा आम्ही हसलो. मग कुणीच हसेना. शेवटी रिचा घर सोडून जाते आणि त्याच स्वयंपाकघरात नवी बायको येते, तेव्हा शेजारच्या मोठ्या वहिनी लाटणं खाली ठेवून म्हणाल्या, "मना नाय पटला. एवढ्याशा गोष्टीवरून कोण घर सोडतं?"

झालं! तिथून जे भांडण जुंपलं ते पापड वाळेपर्यंत. कुणी म्हणे, तिने आधीच बोलायला हवं होतं. कुणी म्हणे, बोलली होती की, ऐकलं कुणी? हा सिनेमा आला तेव्हा पुरुषांच्या एका संघटनेनेही 'फुलके करण्यात कसला आलाय ताण' असा सूर लावला होता. मी ते सांगितल्यावर मात्र मोठ्या वहिनीसुद्धा म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, या एकदा आमच्याकडे मे महिन्यात चुलीपुढे."

सिनेमा पाहणं ही आमच्यासारख्यांसाठी साधी गोष्ट नाही हो. तरुण पोरं बाईकवर बसून पनवेलला जातात, रात्री दोनला घरी येतात. आम्हाला चाळीसेक किलोमीटर जायचं तर महिनाभर आधी वातावरणनिर्मिती करावी लागते. २०२३ च्या जुलैत 'बाईपण भारी देवा'ला गेलो होतो, त्याची आठवण आजही निघते. सतराजणी, दोन इको गाड्या, भर पावसात मुंबई-गोवा हायवेचे खड्डे! (हा रस्ता २०११ पासून रुंद होतो आहे, माझी मुलगी तेव्हा बालवाडीत होती.) थिएटरात पाहावं तर सगळ्या बायकाच बायका, नऊवारी नेसलेल्या, गजरे माळलेल्या. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने अशा सहा बहिणी, त्यांचे जुने रुसवेफुगवे आणि मंगळागौरीची स्पर्धा. कथा म्हणाल तर साधीच. स्पर्धेच्या नादात एवढ्या वर्षांच्या आढ्या सुटतात हे जरा सोपं वाटतं. पण केदार शिंदेंना एक गोष्ट नेमकी कळली होती, ती म्हणजे बायकांना एकत्र बसून रडायलाही निमित्त लागतं. उगाच नाही तो त्या वर्षी सगळ्यात जास्त चाललेला मराठी सिनेमा ठरला!

सकाळी सगळा स्वयंपाक करून, झाकून, कुठल्या पातेल्यात काय आहे ते तीन-तीनदा सांगून आम्ही निघालो होतो. तरी इंटरवलला निम्म्या जणींचे फोन वाजत होते. "मीठ कुठे ठेवलंय?" 'झिम्मा'मधल्या बायका लंडनला गेल्या, आम्ही पनवेलला. मला विचाराल तर आमचा प्रवास जास्त अवघड होता.

'लापता लेडीज' मात्र मी एकटीने पाहिला, मोबाईलवर, चार तुकड्यांत. भाजी निवडताना एक, दुपारी एक, असा. किरण रावचा हा सिनेमा २०२४ मध्ये आला आणि भारतातर्फे ऑस्करलाही पाठवला गेला. घुंघटामुळे रेल्वेत नवऱ्या बदलतात, अशी गोष्ट. त्यातली फूल स्टेशनवर हरवते. तिला सासरच्या गावाचं नाव धड आठवत नाही आणि नवऱ्याचं नाव घ्यायला ती लाजते. मी खूप हसले आधी. मग आठवलं, त्याच वर्षी जुलैत 'लाडकी बहीण'चे अर्ज भरायला आमच्या ओट्यावर रांग लागली होती. अर्जात नवऱ्याचं नाव लिहायचं तर एक आजी पदराआड हसून शेजारणीला म्हणाली, "तू सांग गो." उखाण्यात घेते तेवढंच! लग्नाआधीचं पूर्ण नाव विचारलं तेव्हा तर कितीतरी जणी क्षणभर थांबल्या. आपलंच नाव, पण आठवून सांगावं लागलं. उत्तरेतल्या फूलला हसण्यासारखं आपण फार पुढे गेलेलो नाही.

'नाच गं घुमा'वर मात्र माझं आणि आमच्या गटातल्या एकीचं वाजलं. ती चार घरी धुणीभांडी करते. मुक्ता बर्वेची राणी आणि तिची कामवाली आशाताई, म्हणजे नम्रता संभेराव. आशाताई नाही म्हटल्यावर राणीचं घर कसं कोलमडतं, हे परेश मोकाशींनी मजेत दाखवलं आहे. मला आवडला. ही म्हणाली, "ताई, मालकिणीचं घर कोलमडलं ते दिसलं. आशाताई दुसऱ्यांकडे राबते तेव्हा तिच्या घरी स्वयंपाक कोण करतं?" आता याला काय उत्तर द्यायचं? मी आपली म्हटलं, विनोदी आहे गं. ती म्हणाली, "हो, हसले मी पण."

माझ्या मनात एक गोष्ट घोळते आहे. कॉलेजात असताना दूरदर्शनवर 'उंबरठा' पाहिला होता. जब्बार पटेलांचा, १९८२ चा. स्मिता पाटीलची सुलभा महिला सुधारगृहाची अधीक्षक व्हायला घर सोडून जाते, परत येते आणि नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी आहे हे कळल्यावर पुन्हा निघते. तो पाहूनच मला समाजकार्याचं वेड लागलं. तेव्हाची सुलभा घर सोडते, २०२५ मधली रिचाही सोडते. नाहीतर मग दुसरा प्रकार, सहली-मंगळागौर करून मोकळं व्हायचं आणि हसतमुखाने घरी. पण आपल्यातल्या बहुतेकजणी या दोन्हींच्या मधे राहतात ना! त्या घर सोडत नाहीत, आणि सगळं गोडही मानत नाहीत. त्या गुरुवारी एक वाद घालतात, शनिवारी तो हरतात, पुढच्या महिन्यात अर्धा जिंकतात. याचा सिनेमा कुणी काढत नाही. कंटाळवाणा होईल म्हणत असतील. मी तर तिकीट काढून जाईन.

हे मी आता एवढं शहाणपणाने लिहिते आहे, पण त्या दिवशी पडवीत माझी बोलतीच बंद झाली होती. भांडण रंगात आलं असताना गटातली सगळ्यात धाकटी, वर्षभरापूर्वी लग्न होऊन आलेली, सहज म्हणाली, "काकू, तुमच्याकडे आधी कोण जेवतं?"

मी बायकांचे तंटे सोडवते. नवऱ्यांना समोर बसवून दोन शब्द सुनावते. आणि माझ्या घरी? आधी सासरे, मग हे, मग मुलं. तांदळाची भाकरी गार झाली की वातड होते, म्हणून सासऱ्यांना ती तव्यावरचीच लागते. त्यांच्याही बोलण्यात काही खोट नाही, भाकरी खरंच वातड होते! पण मग माझी होते ती?

त्या रात्री मी सगळ्या भाकऱ्या आधी करून फडक्यात गुंडाळल्या आणि सगळ्यांबरोबर ताट घेऊन बसले. सासरे काही बोलले नाहीत. अर्धी भाकरी ठेवून उठले. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी ह्यांनी मध्यस्थी केली. आता बुधवार आणि रविवार सगळे एकत्र बसतो, बाकी दिवस जुनंच चालू आहे. लेक मात्र अधूनमधून भाकरी थापायला येतो. त्याच्या भाकरीचा नकाशा होतो, तो भाग वेगळा.

अशाच एका रविवारी पापलेटचं कालवण होतं. सगळे एकत्र बसलो होतो आणि मला सासूबाई आठवल्या. त्या गेल्या त्याला सहा वर्षं झाली. नेहमी सगळ्यांच्या मागून जेवायच्या, आणि त्यांच्या ताटात कायम डोकं आणि शेपटी. मी सासऱ्यांना विचारलं, "बाबा, आईंना कुठला तुकडा आवडायचा हो?"

"डोकं," ते लगेच म्हणाले. "तिला डोकंच आवडायचं."

मग घास हातात धरून बराच वेळ बसले. म्हणाले, "असं वाटतं. मी कधी विचारलं नाही तिला."