शेवटचा कोस

दिवाळीला गावाकडे काय पाठवावे, हा प्रश्न आमच्या घरी दरसाल पडतो आणि दरसाल साडीवर सुटतो. गेल्या वर्षी मात्र सौ. म्हणाली, "मावशींना साड्या पुष्कळ झाल्या. आता कान पाठवा."

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. वय ऐंशीच्या पुढे. राहते शिंदखेड्यापासून चौदा किलोमीटरवरच्या खेड्यात, सोबतीला एक म्हैस. मुले सुरतेला. दोन्ही कान जवळजवळ गेलेले. धुळ्याला कान तपासल्याचा कागद होता. त्यावरून मी पुण्यात श्रवणयंत्र घेतले आणि एका खासगी कंपनीमार्फत रवाना केले. कंपनीचे नाव सांगत नाही. सणासुदीला कुणाचे उणे काढू नये.

पार्सल दोन दिवसांत शिंदखेड्यास पोहोचले आणि तेथेच बसले. चौथ्या दिवशी मोबाइलवर शेरा आला : 'ग्राहक फोन उचलत नाही.' आठव्या दिवशी यंत्र पुण्यास परत! जिला फोन ऐकू येत नाही म्हणून यंत्र पाठवले, तिला ते घेण्यासाठी फोनवरून हाका चालल्या होत्या!

मी तावातावाने पार्सलवाल्या मुलाला गाठले. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, आम्हाला नगामागे पैसे मिळतात. तुमच्या गावाचा हा एकच नग. जाऊन-येऊन अठ्ठावीस किलोमीटर, पेट्रोल माझ्या खिशातलं. पत्ता 'मारुतीच्या पाराजवळ'. मी तिथं ओळखतो कुणाला?"

माझा राग तिथेच उतरला. पुण्यात एका इमारतीच्या जिन्यावर दहा नग वाटून होतात. त्या पोराने एका नगासाठी कपाशीची राने ओलांडायची!

पत्त्यावर पिन मी न चुकता लिहिला होता, ४२५४०६. ही सहा आकड्यांची युक्ती आपल्याच श्रीराम भिकाजी वेलणकरांची. संस्कृतचे पंडित आणि टपाल खात्यातले अधिकारी. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती देशभर लागू झाली. पहिले तीन आकडे टपाल जिल्ह्यापर्यंत नेतात, पुढचे तीन वाटप करणाऱ्या कचेरीपर्यंत. पण त्या कचेरीपुढे कितीतरी खेडी पसरलेली असतात आणि पिन सर्वांचा एकच! टपाल खात्याने मे २०२५ मध्ये 'डिजिपिन' काढला. त्याने सुमारे चार मीटरचा चौकोन नेमका दाखवता येतो. चांगलेच झाले. पण मावशी या घटकेला ओसरीवर आहे की गोठ्यात, हे त्यालाही ठाऊक नसते.

हे दुखणे केवळ आपले नव्हे. अमेरिकेत शेतकऱ्यांना टपालासाठी शहरात खेटे घालावे लागत. १८९६ साली टपाल त्यांच्या दारी नेण्याचा प्रयोग सुरू झाला आणि १९१३ पासून त्याच फेरीत पार्सलेही जाऊ लागली. एका पार्सलासाठी कुणी तेवढे लांब जात नाही. दहा कामे एका फेरीत बसली की फेरीला अर्थ येतो.

दुसऱ्या खेपेस मी यंत्र टपालाने पाठवले. मावशीच्या गावी शाखा टपाल कचेरी आहे. म्हणजे ग्रामीण डाकसेवकाच्या घराची पुढची खोली. सकाळी तो शेतावर असतो, मग थैली उघडतो. दुपारच्या वेळी मावशी म्हशीला वैरण घालते, हे त्याला माहीत. त्याने फोन केला नाही, कडीही वाजवली नाही. मागच्या अंगाने थेट गोठ्यात गेला, तिला दिसेल असा समोर उभा राहिला आणि खोके वर धरून म्हणाला, "मावशी, तुमनं पार्सल उनं!"

हीच ती शेवटच्या कोसाची विद्या. ती यंत्रात नाही, ओळखीत आहे. पण ओळखीवर पोट भरत नाही. डाकसेवकाचे काम चार-पाच तासांचे धरतात. तो टपाल खात्याचा नियमित नोकर गणला जात नाही, आणि पोटापाण्याचे दुसरे साधन असावे अशी अटच असते. मला वाटते, खासगी कंपन्यांनी आपले नग याच माणसाकडे, नाहीतर गावच्या किराणा दुकानात, बाजाराच्या दिवशी एकत्र पोहोचते करावेत आणि घरोघर देण्याचा चोख मोबदला द्यावा. शिंदखेड्याच्या पोराचे पेट्रोल वाचेल, गावात चार पैसे राहतील. आणि आपण पाठवणाऱ्यांनीही पिनच्या खाली एक ओळ जास्त लिहावी : घराची खूण आणि ओळखणाऱ्या शेजाऱ्याचे नाव. मी ती लिहिली नव्हती. पहिल्या खेपेचा अर्धा दोष माझा.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मावशीला फोन लावला. जुन्या सवयीने मी घसा फोडून ओरडलो, "यंत्र मिळालं का?"

पलीकडून मावशीचा वैतागलेला आवाज आला, "इतला जोरमा कसाले बोली राह्यना? माले ऐकू येस ना!"

सौ. स्वयंपाकघरातून हसत बाहेर आली. तिलाही ते ऐकू गेले होते.